लायसन्स होतं, गाडी येत नव्हती

माझ्याकडे चारचाकीचं लायसन्स २०१९ पासून आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पसमधून नोकरी लागली आणि हातात वेळच वेळ होता, तेव्हा काढलं. पुढची पाच वर्षं ते विमानतळावर दाखवलं, हॉटेलात दाखवलं, सिमकार्ड घेताना दाखवलं. ट्रॅफिक पोलिसाला दाखवायची वेळ मात्र कधी आली नाही, कारण गाडी मी चालवतच नव्हते. परवा टीममध्ये सहज चौकशी केली तर असे ओळखपत्रधारी ड्रायव्हर आणखी तिघं निघाले. म्हणून हे लिहायला घेतलं.

ऑगस्ट २०२४. मी शनिवार-रविवारसाठी घरी, वलवणला आले होते. रात्री दोनला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. बाहेर लोणावळ्याचा तो ठरलेला पाऊस आणि धुकं. हॉस्पिटल अवघ्या तीन-चार किलोमीटरवर. गाडी दारात. लायसन्स पर्समध्ये. आमच्या घराचं फाटक चढावर आहे, म्हणजे गाडी रिव्हर्सला चढवत बाहेर काढावी लागते. तीनदा बंद पडली. चौथ्यांदा उसळून मागे गेली आणि कुंपणाच्या भिंतीला ठोकली. मागच्या सीटवर बाबा घामाघूम, आई १०८ ला फोन लावतेय, आणि मी स्टेअरिंग घट्ट धरून नुसती बसलेले. आवाज ऐकून शेजारचे काका बनियनवरच धावत आले, मला बाजूला सरकवलं आणि आठ-दहा मिनिटांत आम्ही हॉस्पिटलात होतो.

ईसीजी नॉर्मल आला. ॲसिडिटी निघाली. बाबा आता तो किस्सा रंगवून सांगतात, त्यात भिंत दर वेळी थोडी जास्त पडते. मी हसते. पण निघाली नसती तर, हा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सगळे म्हणाले, "अगं, घाबरलीस तू, हिंमत कर." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मी घाबरट असेन, पण त्या रात्रीचा प्रॉब्लेम हिंमतीचा नव्हताच. चढावर रिव्हर्स हे काम मी आयुष्यात एकदाही केलेलं नव्हतं. जे कधी केलेलं नाही ते रात्री दोनला, पावसात, बाप मागे कण्हत असताना पहिल्यांदा करायचं? ऑफिसात असं कोणी सुचवलं तर आपण त्याला वेड्यात काढू. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला, तेही शुक्रवारी रात्री!

मी क्लास लावला होता, बरं का. नियमाप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स किमान २१ दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये हे लिहिलेलं आहे. माझ्या क्लासात एका गाडीत तिघं, रस्ता रोज तोच, आणि मास्तरांच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. गाडी बंद पडत नव्हती, त्यामुळे मला वाटायचं की आपल्याला जमतंय. खरं म्हणजे ती मास्तर चालवत होते, मी फक्त वळवत होते. टेस्टला आठ काढला, रिव्हर्स दाखवला, पास. लायसन्स मिळालं की त्या क्षणापासून कायद्याच्या लेखी मी आणि वीस वर्षं चालवणारा माणूस सारखेच. दुसऱ्या दिवशी मी भर पावसात एक्स्प्रेस-वेवर गेले असते तरी मला कोणी अडवणार नव्हतं.

त्या रात्रीनंतर काकांनीच मनावर घेतलं. काका एसटीतून रिटायर झालेत, आणि एसटीच्याही आधी ट्रकवर क्लीनर होते. त्यांची पद्धत पहिल्या दिवशी मला अपमानास्पद वाटली. सपाट मोकळं मैदान, ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायची, दहा फूट न्यायची, थांबवायची. पुन्हा. पन्नास वेळा. क्लच नेमका कुठे धरतो हे पायाला कळेपर्यंत दुसरं काही नाही. तासाभराने काका विचारायचे, "काय पोरी, कंटाळा आला का?" मी नाही म्हटलं की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी वैतागून हो म्हटलं, तर म्हणाले, "मग झालं. आता चढ."

मला वाटतं सगळी मेख इथे आहे. पुढच्या पायरीवर जायचं ते धाडस आलं म्हणून नाही, आधीच्या पायरीचा कंटाळा आला म्हणून.

चढासाठी गावातली एक गल्ली आणि एक पुठ्ठ्याचा खोका. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर खोका ठेवायचा. हँडब्रेक ओढलेला, क्लच सोडत आणायचा, इंजिनाचा आवाज जरा खाली बसला आणि गाडी थरथरली की हँडब्रेक सोडून पुढे. खोका चेपला की नापास. मी किती खोके चेपले ते किराणा दुकानदाराला विचारा, त्याच्याकडूनच आणत होतो. मग तेच रिव्हर्समध्ये, आमच्याच फाटकातून.

त्यापुढचं भराभर झालं. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी सकाळी सहाला जुन्या हायवेने कामशेतपर्यंत, रस्ता रिकामा असताना. मग तोच रस्ता रात्री, समोरच्यांचे अप्पर डोळ्यात घेत. मग रविवारी दुपारी लोणावळा बाजार, म्हणजे निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं चिक्कीच्या दुकानासमोर उभं असतं तेव्हा. एका वेळी एकच गोष्ट नवी. रस्ता नवा तर वेळ जुनी, वेळ नवी तर रस्ता जुना. काका आधी शेजारी बसायचे, मग मागे बसायला लागले, मग एक दिवस बसलेच नाहीत.

मी त्यांना विचारलं, हे कुठे शिकलात? तर म्हणाले, शिकवलं कोणी? क्लीनर आधी गाडी धुतो, मग ढाब्यावर मागे-पुढे करतो, मग रिकामी गाडी सपाटीला हाताळतो, भरलेली गाडी घाटात त्याच्या हातात यायला वर्षं जातात. आपल्याकडे पायरीपायरीचं शिक्षण होतं तर. फक्त ते ट्रकच्या केबिनमध्ये होतं, आपल्यासारख्या पांढरपेशांच्या वाट्याला एकवीस दिवस आले.

बाहेर याला कायद्याचंच रूप दिलंय. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. माझी मामेबहीण सिडनीत आहे. न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्या शिकाऊ ड्रायव्हरला टेस्टआधी साधारणपणे १२० तासांची नोंदवही भरावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. त्यानंतरही लाल पी, मग हिरवा पी, प्रत्येकाला वेगाचं वेगळं बंधन. आपल्याकडे २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले, त्यात हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा आहे. दहापेक्षा बराच बरा. पण १२० तास उद्या इथे लागू करा असं मी म्हणणार नाही. घरात गाडी आणि शेजारी बसायला रिकामा माणूस, हे किती घरांत असतं? मग एजंट वही भरून देईल, आणखी काय. माझं म्हणणं एवढंच की टेस्टमध्ये आठाऐवजी एक खरा चढ, एक रात्र आणि एक गर्दीचा चौक असावा. आणि लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्ष त्याच्यावर वेगळी खूण असावी.

घाट शेवटून दुसरा होता. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना काकांचं एकच वाक्य: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन गुरगुरत, आम्ही शिंगरोबापर्यंत आलो. काकांनी खिडकीतून नाणं टाकलं आणि म्हणाले, आता हे तू टाकायचंस. सगळ्यात शेवटी एक्स्प्रेस-वे. वाटलं होतं त्यापेक्षा सोपा निघाला. समोरून कोणी येत नाही, दुचाक्या नाहीत, फक्त लेन आणि आरसे सांभाळायचे.

गेल्या शनिवारी मी पुण्याहून एकटी आले आणि गाडी रिव्हर्सला चढवून फाटकाबाहेर काढून परत आत लावली, उगाचच. आई ओट्यावरून बघत होती. रात्री जेवताना म्हणाली, "तो पुठ्ठ्याचा खोका ठेवलायस का गं अजून?"