विलंबितापासून द्रुतापर्यंत

कथकाची मैफल विलंबित त्रितालातील थाटाने आरंभ पावते, तेव्हा भिवईची किंचित हालचाल आणि मनगटाचे अलगद वळण एवढ्यावरच नर्तकी प्रेक्षकांची नजर आपल्या स्वाधीन करून घेते. पुढे आमद, तोडे, परणी यांतून लय चढत जाऊन अखेर घुंगरू आणि तबला यांची जी जुगलबंदी रंगते, ती याच पूर्वसंचिताच्या बळावर. तिहाईची तिसरी आवृत्ती नेमकी समेवर येते, तेव्हा उमटणारी उत्स्फूर्त दाद त्या प्रतीक्षेचेच फळ होय. आरंभीच द्रुत लय गाठून टाळ्या वसूल करण्याचा हल्लीचा रिवाज आम्हांस मंजूर नाही. तरुण नर्तकांनी थाटाला त्याचा पुरता अवकाश द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.