मस्टरवर नसलेल्या बायका



परळ-लालबागला काचेच्या टॉवर्समध्ये मधूनच एखादी गिरणीची चिमणी उभी दिसते. शोभेला ठेवलेली. तिच्याखाली राबलेल्या किती जणी आज तिथे राहतात?

१८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, जमीन उरली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ने तिचे ढोबळ मानाने तीन वाटे केले: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ साली सरकारने नियमच बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच! शेड पाडून निघालेली जमीन वगळली. मार्च २००६मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. वाटा कसा आटतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको. भावांच्या वाटणीत बहिणीचा असाच आटतो.

मग उरलेल्या वाट्यातली घरं कोणाला? १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर मस्टरवर असलेल्या कामगाराला, नाहीतर त्याच्या वारसाला. मेख इथे आहे. १९२०-३०च्या सुमारास गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती, बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. नवी यंत्रं आली, रात्रपाळी बायकांना बंद, बाळंतपणाचा भत्ता मालकांना जड वाटू लागला. १९८२ उजाडेपर्यंत त्या मूठभर उरल्या. ज्यांना आधीच काढलं, त्या या तारखेत बसणार कशा?

खानावळवालीचं नाव तर कधीच कुठल्या मस्टरवर नव्हतं. गाव सोडून एकट्याने आलेले कामगार तिच्या भाकरीवर जगले. पैसे पगार झाल्यावर. किराणा मात्र उधारीचा, म्हणून सावकार मानेवर. यातूनच १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. संपात पगार थांबले तेव्हा तिची थकबाकी कोणाच्या हिशेबात धरली गेली? कामगार चळवळीच्याही नाही, हे आपल्याच माणसांना सुनवायला हवं.

आता कामगारांना शेलू-वांगणीची घरं दाखवली जातात. जुलै २०२५मध्ये आझाद मैदानावर त्याविरुद्ध आंदोलन झालं. परळमध्ये चार घरची धुणीभांडी करणारीने वांगणीहून पहाटेची कितवी लोकल पकडायची?

मुंबईतच घर, आणि तेही नवराबायको दोघांच्या नावावर, ही मागणी आपण लावून धरू. पण आधी आपापल्या चाळींत जा. खानावळवाल्या, विधवा, टाकलेल्या बायका, जुन्या वाइंडिंगवाल्या: नाव, गिरणी, किती वर्षं काम, एवढं वहीत उतरवून घ्या. म्हाताऱ्या झाल्यात त्या.