हत्यारपेटी कुणाच्या घरी?



पणदरे हे बारामती तालुक्यातले, बारामती-नीरा रस्त्यावरचे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, चोहोकडे ऊस, आणि गावठाणापासून लांब पसरलेल्या वस्त्या. अशा गावांत इंटरनेटची तार आधी बाजारपेठेत येते, ग्रामपंचायतीत येते, पक्क्या बंगल्यात येते. वस्तीला मात्र मोबाईलची जी काय रेंज मिळेल तिच्यावर भागवावे लागते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख आली, की आपली मुलगी मोबाईल उंच धरून अंगणभर फिरते. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये गेली, तेव्हा हे दुखणे घराघराला कळले.

यावर एक उपाय असा, की वस्तीने मिळून आपले स्वतःचे बिनतारी जाळे उभारायचे. याला ‘मेश’ म्हणतात. समजायला अवघड नाही. स्लॅब टाकायच्या दिवशी माणसे रांगेने उभी राहतात आणि मालाचे घमेले हातोहात वर जाते. खालपासून वरपर्यंत एकटा कुणी घमेले नेत नाही. मेशमध्येही घराघरावर लहान यंत्र असते आणि ते शेजारच्या यंत्राकडे निरोप देते. रांगेतला एक जण पाणी प्यायला गेला तर बाजूचे दोघे हात लांबवून त्याची जागा भरतात. तसेच एक यंत्र बंद पडले तर निरोप दुसऱ्या छपरावरून वाट काढतो. मात्र हात पोहोचेल एवढ्यावर दुसरे कुणी उभे असले पाहिजे, म्हणून घरे जितकी जास्त तितके जाळे बळकट. इंटरनेटची जोडणी एका ठिकाणी घ्यावी लागते. ती बंद असली तरी एका जुन्या संगणकावर बालभारतीची पुस्तके ठेवली तर मुले आपल्या जाळ्यावर ती वाचू शकतात.

हे नुसते स्वप्न नव्हे. सरकारने जानेवारी २००५ मध्ये वायफायची एक लहरपट्टी घराबाहेरही विनापरवाना खुली केली. लगेच पुढच्या महिन्यात हिमाचलातल्या धर्मशाळेत, तिबेटी निर्वासितांच्या संस्थांमध्ये असे जाळे सुरू झाले आणि फेब्रुवारीअखेर आठ ठिकाणे जोडली गेली. घरात वापरायचे साधे लिंक्सिस राऊटर पाऊस-वारा सोसतील अशा डब्यांत बसवून त्यांनी छपरांवर लावले. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने हाच प्रश्न हाती घेतला: तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, पुढे पाड्यापर्यंत कोण नेणार? खामलोली परिसरात त्यांनी दूरदर्शनच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखवले. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या कामाला पहिले बक्षीस मिळाले.

तिसरे उदाहरण न्यूयॉर्कमधले. ब्रुकलिन भागातल्या रेड हुक या कष्टकऱ्यांच्या वस्तीत सरकारी घरकुलांची मोठी वसाहत आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचे पाणी तिथे घुसले. वीज गेली, फोन गेले. पण तिथल्या एका सामाजिक संस्थेने उभारलेले लहानसे वायफाय जाळे चालू राहिले, आणि त्यावरून लोकांनी नातेवाइकांची खुशाली विचारली, मदत मागवली. ते जाळे वाढवून सांभाळण्याचे काम वस्तीतल्याच तरुण-तरुणींना शिकवले गेले. बाहेरचा तंत्रज्ञ बोलवायचा आणि तो येईपर्यंत वाट पाहायची, हा प्रकारच त्यांनी ठेवला नाही.

खरी गोष्ट इथेच आहे. यंत्र विकत आणणे सोपे असते. वर्गणी जमते, एखादा दाता मिळतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढे पहिल्या वळवाच्या पावसात केबलच्या टोकात पाणी शिरते आणि जाळे बंद पडते. दुरुस्ती दहा मिनिटांची असते, पण हत्यार नसते, आणि असले तर चालवणारा नसतो. म्हणून आमचे सांगणे असे, की आधी हत्यारपेटी जमवा, मग यंत्रे आणा.

पेटीत काय असावे?

पहिले म्हणजे क्रिम्पिंगचे हत्यार. केबलच्या टोकाला प्लॅस्टिकची पिन दाबून बसवायला ते लागते. त्याच्या जोडीला केबल टेस्टर हवा. दोन टोकांना त्याचे दोन भाग लावले की एक ते आठ दिवे क्रमाने लागतात. एखादा दिवा लागला नाही किंवा क्रम चुकला तर पिन कापून पुन्हा बसवायची. मग स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पान्हे, ड्रिल आणि भिंतीत भोक पाडायचा बिट, मेजपट्टी, मल्टिमीटर, चिकटपट्टी. टाय काळेच घ्या, पांढरे टाय उन्हाने कडक होऊन तुटतात. आणि ओळंबा विसरू नका. खांब ओळंब्यात नसेल तर यंत्राचे तोंड डावी-उजवीकडे फिरवताना ते खाली-वरही होते आणि जोडणी सापडत नाही.

यातली निम्मी हत्यारे वस्तीत आधीच आहेत. गवंडीकाम करणाऱ्या दादांकडे ओळंबा आहे, वायरमनकडे मल्टिमीटर आहे, सुतारकाम करणाऱ्याकडे ड्रिल आहे. ज्यांना आजवर कुणी तंत्रज्ञ म्हटले नाही, त्यांच्याच हातात हे तंत्र अर्धे आलेले आहे.

केबल घेताना बाहेर लावायची, काळ्या आवरणाची घ्या. घरातली केबल उन्हापावसात चिरते. तार शुद्ध तांब्याची हवी. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. सुरीने तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर ती परत करा. यंत्राला वीजही याच केबलमधून जाते, म्हणून तार चांगली हवी. यंत्र २४ व्होल्टचे आहे की ४८ व्होल्टचे, ते ॲडॉप्टरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण अदलाबदल झाली तर यंत्र जळू शकते. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथून टपकून जाईल, भिंतीत उतरणार नाही.

यंत्रे दोन प्रकारची असतात. एक कंदिलासारखे, चौफेर थोडे थोडे पसरणारे. दुसरे बॅटरीच्या झोतासारखे, एकाच दिशेला लांब जाणारे. जवळजवळच्या घरांना पहिले, दूरच्या वस्तीला दुसरे. कुठलेही घ्या, पण भारतात वापरायची मान्यता आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्या.

आपल्या भागासाठी एक सूचना. दोन यंत्रे एकमेकांना दिसली पाहिजेत, मध्ये झाड किंवा पत्रा नको. पाहणी उन्हाळ्यात, तोड झाल्यावर केली तर शिवार मोकळे दिसते. तोच ऊस पुढे डोक्याच्या वर जातो आणि ओली पाने लहरी अडवतात. नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. अंतर एक किलोमीटर असेल तर रेषेच्या मध्यावर चोहोबाजूंनी निदान दोन-सव्वादोन मीटर जागा मोकळी हवी, साडेतीन मीटर असेल तर उत्तम. म्हणून पाहणी उभ्या उसात करा, आणि खांबाची उंची उसाच्या शेंड्यावरून मोजा.

छपरावर चढणाऱ्यांनी हे नियम पाळावेत. शिडी धरायला खाली माणूस असल्याशिवाय चढू नये. सेफ्टी बेल्ट आणि दोर पेटीचाच भाग समजावा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, आडवी फळी टाकून तिच्यावरून जावे. वरून विजेची तार जात असेल तिथे खांब उभा करूच नये. आभाळ गडगडत असताना काम बंद. खांबाला अर्थिंग द्यावे. आपल्या घरातला कमावता माणूस पत्र्यावरून पडला, तर ते नुकसान कुठलेही इंटरनेट भरून देणार नाही.

आता हे कात्रण कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पिनमध्ये तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पिनेची खिट्टी खाली आणि तारा शिरतात ते तोंड आपल्याकडे धरले, की डावीकडून हा क्रम लागला पाहिजे. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा.

कायद्याचेही पाहायला हवे. २००५ नंतर २०१८ मध्ये आणखी लहरी विनापरवाना खुल्या झाल्या, पण यंत्राची ताकद ठरलेल्या मर्यादेतच ठेवावी लागते. घरचे कनेक्शन परस्पर वस्तीभर वाटणे कंपनीच्या अटींत बसेलच असे नाही. त्यासाठी पीएम-वाणी योजना आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. चहाच्या टपरीवाल्यालाही या योजनेत वायफाय देता येते आणि त्यासाठी त्याला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. मात्र योजनेत नोंदलेल्या संस्थेमार्फत ते करावे लागते. विचारपूस करून, कागद हातात घेऊनच पुढे जावे.

शेवटी मथळ्यातला प्रश्न. ही पेटी कुणाच्या घरी ठेवायची? आमचे उत्तर, कुणाच्याच नाही. पेटी एका घराच्या माळ्यावर गेली की हळूहळू जाळेही त्या घराचे होते. भांडण झाले, निवडणूक आली, की दार बंद होते. वस्तीत विहार असेल तर पेटी विहारात ठेवा, नसेल तर समाजमंदिरात. किल्ल्या दोन करा, त्यांतली एक महिला मंडळाकडे द्या. एक वही ठेवा. कोणते हत्यार कुणी नेले, कधी परत आणले, कोणत्या छपरावर कोणते यंत्र आहे, केव्हा काय दुरुस्त केले, हे सगळे तिच्यात लिहा. यंत्रांचा पासवर्ड हेही एक हत्यारच आहे. तो एकाच पोराच्या डोक्यात राहिला आणि पोरगा नोकरीला चाकणला गेला, तर सगळे जाळे मुके होते. पासवर्ड बंद पाकिटात घालून पेटीतच ठेवा.

आणि शिकवताना मुलींना मागे बसवू नका. क्रिम्पिंगला ताकद लागत नाही, नजर आणि संयम लागतो. जिला सुईत दोरा ओवता येतो तिला आठ तारा क्रमाने लावता येतात. महिन्यातून एका रविवारी पेटी उघडा, केबलचे तुकडे घ्या आणि प्रत्येकाकडून एक पिन बसवून घ्या. टेस्टरचे आठही दिवे लागले की वहीत त्याचे किंवा तिचे नाव लिहा. वहीत दहा नावे झाली, की मग यंत्रे आणायला बारामतीला जा.