शेजार कोण ठरविणार? टॅम्पिनीस, पुंगोल आणि आपली घरे

आपल्या समाजातील शिकलेली मुले-मुली आज नोकरीनिमित्त सिंगापूरला जात आहेत. बृहन्मुंबईपेक्षा थोडेसेच मोठे असलेले हे बेट. तिथे पोहोचलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा. पूर्वेकडच्या टॅम्पिनीसमध्ये राहायचे की ईशान्येकडच्या पुंगोलमध्ये? प्रश्न वरवर साधा आहे. पण आंबेडकरी माणसाने तो साधा समजून सोडून देऊ नये. घर कुठे मिळणार आणि शेजारी कोण असणार, याच प्रश्नावर या देशातील अस्पृश्यतेची इमारत उभी राहिली आहे.

आधी व्यवहाराचे बोलू. टॅम्पिनीस हे जुने, भरलेले नगर. त्याची मुख्य बांधणी १९८० च्या दशकातली. १९९२ साली या नगराला वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार मिळाला. चांगी बिझनेस पार्क जवळ असल्याने बँका व संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांना ते सोयीचे पडते. पुंगोल हे एकेकाळी कोळ्यांचे आणि डुकरे-कोंबड्या पाळणाऱ्यांचे गाव. १९९६ साली सरकारने तिथे नवे नगर वसविण्याची योजना जाहीर केली, २००३ साली मेट्रो पोहोचली. लिटल इंडियाला दोन्हीकडून थेट मेट्रो आहे. सरकारी घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतात. म्हणून घर विकत घेणाऱ्याला पुंगोलमध्ये पट्ट्याची जास्त वर्षे शिल्लक मिळतात. कचेरी चांगीला असेल आणि भाड्याने राहायचे असेल तर टॅम्पिनीस, कायम वास्तव्याचा परवाना मिळून घर घ्यायचे असेल तर पुंगोल, असा साधा हिशेब आहे.

या हिशेबात कुठेही आडनाव आलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते का आले नाही, हे समजून घेतले पाहिजे.

सिंगापूरचे लोक जन्मतः उदार आहेत म्हणून नव्हे. १९६४ साली तिथे चिनी आणि मलय समाजांत भीषण दंगली झाल्या. चिन्यांची वस्ती वेगळी, मलयांची वेगळी, भारतीयांची वेगळी, अशी तिथली जुनी रचना होती. १९६० साली स्थापन झालेल्या एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाने लोकांना इमारतींत आणले. आज तिथले चारपैकी तीनहून अधिक रहिवासी याच मंडळाच्या घरांत राहतात. पण नव्या इमारतींतही जुने गट पुन्हा जमू लागले. बेडोक व टॅम्पिनीसमध्ये मलय, होगांगमध्ये चिनी असे चित्र दिसू लागले. तेव्हा १९८९ साली, एस. धनबालन हे राष्ट्रीय विकास मंत्री असताना, सरकारने नियम केला. प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक वस्तीत कोणत्या वंशाचे किती टक्के लोक असतील याची कमाल मर्यादा ठरवली. चिनी इमारतीत ८७ टक्के, मलय २५ टक्के. भारतीय व इतर यांची मर्यादा २०१० साली वाढवून इमारतीत १५ आणि वस्तीत १२ टक्के केली गेली.

म्हणजे टॅम्पिनीसमध्ये कायदा मागून आला आणि पडू लागलेली भेग त्याने थांबवली. पुंगोलची पहिली इमारत उभी राहण्यापूर्वीच कायदा तिथे हजर होता. दोन नगरांतला खरा फरक हा आहे.

आता याची दुसरी बाजू पाहा. मालकाने आपले घर कोणत्या भाडेकरूला द्यावे, याला ही वांशिक मर्यादा लागू नाही. परदेशी भाडेकरूंच्या एकूण संख्येवर मर्यादा आहे, पण माणूस निवडणे मालकाच्या मर्जीवर आहे. आणि तिथे काय होते? "भारतीय नकोत, चिनी मुख्य भूमीवरचे नकोत" अशा जाहिराती तिथे उघडपणे दिल्या गेल्या. २०१४ साली बीबीसीने त्यावर बातमी केली होती. कारण काय सांगतात? मसाल्याचा वास येतो! इमारत तीच, जिना तोच. जिथे कायदा आहे तिथे शेजार मिळतो, जिथे कायदा नाही तिथे दार बंद होते. माणसाच्या सद्भावनेवर विसंबून राहणाऱ्यांनी या बेटाकडून एवढा धडा घ्यावा.

हा मसाल्याचा वास आपल्याला ओळखीचा आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत तो मांस-मच्छीचा वास होतो. जात विचारण्याची लाज वाटते म्हणून "शाकाहारी आहात का?" असे विचारले जाते. १९१७ साली बडोद्यात कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांवर काठ्या घेतलेला जमाव चालून आला आणि त्यांना राहते ठिकाण सोडावे लागले. पदवी होती, नोकरी होती, घर नव्हते. आज काठी गेली, सोसायटीचे उपविधी आले.

कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अटकाव करणे गुन्हा आहे. पण कारण अस्पृश्यतेचेच होते हे सिद्ध करताना दमछाक होते. समोरचा आहाराचे नाव पुढे करतो. दुसरीकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. प्रश्न पारशी बांधवांचा नाही. तोच आधार उद्या कोणतीही वरची जात घेईल, हा प्रश्न आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे. पुरेसे कारण नसताना सभासदत्व नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. आपले लोक ते करत नाहीत, मुकाट्याने दुसरे घर शोधतात.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांच्या चळवळीने १९४२ साली नागपूरला स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती, मग मिश्र वस्तीचा आग्रह कशाला? यात विसंगती नाही. गावाच्या दयेवर जगणाऱ्या महारवाड्यातून सुटका आणि स्वतःच्या हक्काची जमीन, हा त्या मागणीचा गाभा होता. वस्ती कशी असेल हे सवर्णांच्या मर्जीने नव्हे, तर राज्यसंस्थेने ठरवावे, हाच त्याचा अर्थ. सिंगापूरनेही शेवटी तेच केले.

सिंगापूर म्हणजे सुखावती नव्हे. मर्यादेमुळे अल्पसंख्य मालकांना घर विकताना गिऱ्हाईक मिळत नाही, अशी तक्रार तिथे वर्षानुवर्षे आहे. बांधकामावरचे तमिळ आणि बांगलादेशी मजूर शहराच्या कडेला डॉर्मिटरीत कोंबलेले असतात. २०२० साली कोरोना तिथेच सर्वाधिक पसरला. टॅम्पिनीस की पुंगोल, हा प्रश्न त्या मजुरापुढे कधी येतच नाही. शिवाय सरकारी कागदावर "भारतीय" एवढीच नोंद असते. त्या भारतीयाच्या आत जात दडलेली आहे, हे त्या कायद्याला दिसत नाही. घरमालक आपलाच देशबांधव निघाला तर आडनाव तिथेही विचारले जाऊ शकते.

तेव्हा परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी मेट्रो आणि भाडे पाहून खुशाल नगर निवडावे. ते स्वातंत्र्य बाबासाहेबांच्या लढ्याने मिळवून दिलेल्या शिक्षणाचे फळ आहे. पण इथे राहणाऱ्या चळवळीने मागणी केली पाहिजे. घर विकताना वा भाड्याने देताना जात, धर्म, आहार यावरून नकार देणे हा स्पष्ट गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने करावा. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना आरक्षण आहे आणि शेजारी चिठ्ठीने ठरतो. त्याने कोणाचे आभाळ कोसळले नाही. सरकारी जमीन वा सवलत घेणाऱ्या प्रत्येक गृहप्रकल्पाला तेच तत्त्व लावावे. आणि तोवर, नकार मिळाला की तो लेखी मागा, तारीख लिहून ठेवा, निबंधकाकडे जा. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना विचारा, आमचा शेजार तुमचा कायदा ठरविणार की सोसायटीचा चेअरमन?

जय भीम!