न पाहिलेला माल आणि आगाऊ रक्कम

आमच्या तरुणपणी मालेगावहून सुरतेला माल घ्यायला जाणे म्हणजे दोन दिवसांचे काम होते. रिंग रोडच्या मार्केटात दहा दुकाने फिरायची, तागा उलगडून पन्ना मोजायचा, दोन धागे ओढून काडीने जाळून पाहायचे. गोळी झाली तर पॉलिस्टर. राख झाली आणि कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती. मग चहा, मग भाव. आता मुलगा म्हणतो, "अब्बा, हे सारे मोबाईलवर होते." होते, हे आम्ही नाकारत नाही. आमच्या दुकानातील बराचसा माल आज फोटो पाहूनच मागविला जातो. परंतु फोटोला काडी लावता येत नाही.

2024 च्या रमजानपूर्वीची गोष्ट. ईदचा हंगाम तोंडावर होता. मोबाईलवरील एका जाहिरातीत सुरतेच्या एका पेढीचे सूटचे कापड बाजारभावापेक्षा चौथाईने स्वस्त दिसले. बोलणारा अदबीने बोलत होता, 'सेठजी, सेठजी' करीत होता. अर्धी रक्कम आगाऊ, म्हणजे चाळीस हजार रुपये आम्ही पाठविले. दुसऱ्या दिवशी बिल्टीचा फोटोही आला. तिसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या कचेरीत गेलो, तर त्या नंबरची बिल्टीच निघालेली नव्हती. फोन बंद.

यानंतर आम्ही जी चूक केली ती पहिलीपेक्षा मोठी आहे. पाच दिवस आम्ही कोणालाच बोललो नाही. तीस वर्षांचा व्यापारी फसला हे ऐकून बाजार हसेल, ही लाज. वस्तुतः याच पाच दिवसांत पैसा हातचा गेला. 1930 हा सरकारी नंबर याच कामासाठी आहे. त्यावर तक्रार नोंदली की ती रक्कम ज्या बँकेत गेली तिथपर्यंत पोहोचते, आणि पैसा अजून खात्यात असेल तर तो रोखून धरता येतो. ठग मात्र तो एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवीत असतो. म्हणून खेळ तासांचा आहे. आम्ही सहाव्या दिवशी फोन केला, तेव्हा त्या खात्यात काही उरले नव्हते.

आणि खुणा तर समोरच होत्या! बिलावर पत्ता सुरतेचा, पण जीएसटी नंबर 27 ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. 27 महाराष्ट्राचा, गुजरातचा 24. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा नंबर टाकला की पेढीचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे फुकट दिसते. शिवाय बिल पेढीच्या नावे आणि पैसे मात्र कोणा भलत्याच व्यक्तीच्या खात्यात. पैसे पाठविण्यापूर्वी मोबाईलवर खातेदाराचे नाव येते, ते आम्ही वाचलेच नाही. अर्थात ठग खऱ्या पेढीचा नंबरही चोरून छापतो. तेव्हा त्या पेढीशी त्याने दिलेल्या फोनवर नव्हे, स्वतः शोधून काढलेल्या फोनवर बोलावे.

कायद्याचेही एक अंग आमच्या बांधवांना ठाऊक नसते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाईन खरेदी येते आणि आपण राहतो तेथेच तक्रार करता येते. मात्र पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा व्यापारी या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या रोजीरोटीसाठी शिलाई मशीन घेणारा कारागीर ठरतो. त्याने 1915 वर फोन करावा. पण सूटचे शंभर नग मागविणाऱ्या आमच्यासारख्याला ती ढाल नाही.

कारागिरांची फसवणूक उलट्या बाजूने होते. जरीकाम करणाऱ्या बहिणीला फोन येतो, "ऑर्डर पक्की, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. 'जमा झाले' असा मेसेज किंवा स्क्रीनशॉट आला तरी तो खरा मानू नये. आधी आपल्या खात्यातील शिल्लक पाहावी, मगच माल द्यावा.

आमच्या फिकहमध्ये खियार-ए-रूयत म्हणून एक हक्क आहे. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा खरेदीदाराचा अधिकार. मदरशातील उस्तादांकडून लहानपणी ऐकले, तेव्हा वाटे, न पाहता माल कोण घेतो? आज सारा बाजारच तसा घेतो. पण हा हक्क बजावायला समोर विक्रेता तर हवा.

आम्ही मोबाईल सोडलेला नाही. नव्या पेढीला आगाऊ रक्कम देत नाही, एवढेच. पहिली ऑर्डर पाच-दहा नगांची, गठ्ठा उघडताना मुलगा व्हिडिओ घेतो. मोठा सौदा असेल तर सुरतेच्या आमच्या जुन्या दलालाला सांगतो, भाई, जरा दुकानावर जाऊन ये. मुलाला ही दलाली वायफळ खर्च वाटते. बिलाच्या फायलीत त्या बनावट बिल्टीचा कागद आम्ही अजून लावून ठेवला आहे. त्याने कुरकुर केली की तोच पुढे करतो.