यंत्रांची साक्ष

गेल्या महिन्यांत आमची भाची आजोळीं आली, ती मॅमोग्राफीचा निर्दोष अहवाल हातांत घेऊनच. वय वर्षें ३३. घरांत आनंदीआनंद झाला. परंतु डॉक्टरांनीं एमआरआय ही दुसरी तपासणीही सांगितली आहे असें कळतांच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक निर्मळ निघाल्यावर दुसरी कशाला? आमचेंही मत प्रथम तेंच होतें, हें कबूल केलेलें बरें.

या मुलीची आई व मावशी, म्हणजे आमच्या दोन्ही भगिनी, पन्नाशीच्या आंतच स्तनाच्या कर्करोगानें गेल्या. आणि तिच्या रक्तांत बीआरसीए-१ या जनुकाचा दोष सांपडला आहे. हें जनुक १९९४ सालीं ओळखलें गेलें. अशा स्त्रियांचा हिशेबच निराळा. रोग त्यांना पुष्कळदां तरुणपणीं गांठतो, आणि तरुण स्त्रीचा स्तन क्ष-किरणांच्या चित्रांत दाट व पांढरा दिसतो, गांठही पांढरीच. ताकांत लोण्याचा कण शोधण्यासारखें तें काम. एमआरआयमध्यें क्ष-किरण नाहींत; चित्र चुंबकाच्या साह्यानें घेतात. शिरेंतून गॅडोलिनियमचें द्रव्य सोडलें, कीं गांठीच्या नव्या, पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळें ती जागा चटकन उजळते.

नेदरलंडमध्यें अधिक धोक्याच्या १९०९ स्त्रियांची अशी परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. पसरणाऱ्या कर्करोगांपैकीं डॉक्टरांच्या हाताला शेंकडा १७.९, मॅमोग्राफीला ३३.३ व एमआरआयला ७९.५ सांपडले. म्हणजे ज्या कागदावर आम्ही पेढे वांटावयास निघालों होतों, त्याची किंमत ही एवढी!

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत मॅमोग्राफीचा हा दोष अव्याप्तीचा. एमआरआयचा दोष अतिव्याप्तीचा: त्याच परीक्षेंत निरोगी असतांही दहा तपासण्यांत सुमारें एक वेळ तिनें संशय घेतला, मॅमोग्राफीनें विसांत एक वेळ. मग पुन्हां चित्रें, प्रसंगीं सुई टोंचून तुकडा काढणें, आणि मधल्या रात्रीं झोप नाहीं. उलट, दुग्धनलिकेंतील आरंभींचा रोग कित्येकदां चुन्याच्या बारीक कणांवरून मॅमोग्राफीलाच आधीं दिसतो. यास्तव अमेरिकेंतील मार्गदर्शनांत असा जनुकदोष असलेल्या स्त्रियांस पंचविशीपासून प्रतिवर्षीं एमआरआय व तिशीपासून तिला मॅमोग्राफीची जोड सांगितली आहे. सोनोग्राफी, एमआरआय होत असेल तेथें, फारशी भर घालीत नाहीं. जिला एमआरआय करतां येत नाहीं तिला मात्र ती उपयोगी.

हें सारें वाचतांना एका वाक्यापाशीं आम्ही थांबलों. हा दोष पुरुषाकडूनही अपत्याकडे जातो, आणि प्रत्येक अपत्याच्या बाबतींत संभव निम्मा. आम्हांस दोन कन्या आहेत. आजवर हा बायकांचा विषय म्हणून आम्हीं तो माजघरांतच ठेवला होता.

भाचीची एमआरआय येत्या गुरुवारीं आहे. आम्हीच तिला घेऊन जाणार आहों. आमचें स्वतःचें रक्त सोमवारीं देऊन आलों. अहवालास तीन आठवडे लागतील. थोरलीस सर्व सांगितलें. धाकटीस सांगणें अद्याप झालें नाहीं.