संग्रहालय कोणाचे आणि कोणाच्या पैशाने?

शहरात एखादे संग्रहालय असावे, अशी सूचना निघाली की दोन प्रश्न लगोलग पुढे येतात. ते पाहायला येणार कोण? आणि त्याचा खर्च सोसणार कोण? पहिला प्रश्न प्रसिद्धीचा आणि दुसरा देणगीदार गाठण्याचा, अशी समजूत करून घेऊन दोहोंची उत्तरे स्वतंत्रपणे शोधली जातात. मग उद्घाटनाचा समारंभ थाटात पार पडतो, कोनशिलेवर नावे कोरली जातात, आणि वर्ष-दोन वर्षांत पहारेकऱ्याखेरीज तेथे कोणी फिरकेनासे होते. वास्तविक हे दोन प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. ज्या संस्थेत माणसाने स्वतःचे काही घातलेले असते, मग ती वर्षाची वर्गणी असो, आजोबांचा हजेरीचा पितळी बिल्ला असो वा सांगितलेली एक आठवण असो, ती पाहायला तो मुलाबाळांसह जातो. आणि तिचे अनुदान थकले तर जाब विचारायलाही तोच उभा राहतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे निकडीचे झाले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन महानगरपालिकांच्या हद्दीत तीस लाखांहून अधिक माणसे राहत होती. एवढ्या लोकवस्तीला साजेसे आणि तेथे राबणाऱ्या माणसांची कहाणी सांगणारे नगरसंग्रहालय मात्र अद्याप उभे राहिलेले नाही. सांगण्यासारखे काही नाही म्हणून असे झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही. कल्याण बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय १०६० सालचे. १८५३ च्या १६ एप्रिलला देशातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच येऊन थांबली. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले गेले ते ठाण्याच्या तुरुंगात, आणि तो तुरुंग म्हणजे मुळात एक किल्ला. इतिहासाची वाण येथे कधीच नव्हती.

वाण होती ती इतिहास जपणाऱ्या स्थानिक संस्थेची. ठाण्यात १७८७ साली शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, त्याचे वाचन कलकत्त्याच्या विद्वानांच्या नियतकालिकात छापले गेले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, त्यातील अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सोपाऱ्याचा अशोककालीन शिलालेखही आज मुंबईच्या संग्रहालयात आहे. तेथे या वस्तू सुरक्षित राहिल्या, याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु ज्या मातीतून त्या निघाल्या, त्या मातीतील मुलांना त्या पाहण्यासाठी राजधानीची वाट धरावी लागते, ही गोष्ट राहतेच.

भंगारात जाणारा इतिहास

ताम्रपट निदान मुंबईला तरी पोहोचले. आज जे नष्ट होत आहे ते कोठेच पोहोचणार नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १९६२ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून झाला. ठाण्यात जेथे रेमंडची लोकरी कापडाची गिरणी होती, तेथे आता निवासी मनोरे उभे राहिले आहेत. कल्याणजवळच्या मोहोने येथील एन. आर. सी. हा कृत्रिम रेशमाचा कारखाना २००९ साली बंद पडला आणि कामगारांच्या देण्यांचा लढा त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. रेल्वेच्या विजेच्या गाड्यांना वीज पुरविणारे ठाकुर्लीचे वीजगृह केव्हाच थंडावले. या प्रत्येक ठिकाणी यंत्रे होती, हजेरीपुस्तके होती, संघटनेचे फलक होते, संपाची पत्रके होती. कारखाना मोडीत निघाला की यंत्र भंगारवाल्याकडे जाते, कागद रद्दीत जातात, आणि जमीन तेवढी शिल्लक राहते. कारण किंमत तिलाच येते.

हा केवळ भावनेचा विषय आहे असे कोणी मानू नये. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे कामगाराला कागदपत्रांनी सिद्ध करावे लागले. ज्याच्या घरी तिकीट, रजेचे कार्ड वा भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी जपलेली होती, तो पात्र ठरला. ज्याचे कागद पावसात वा स्थलांतरात गेले, तो हेलपाटे घालत राहिला. श्रमिकांचे दप्तर जपणारी सार्वजनिक संस्था ही अशा वेळी हक्काचा पुरावा ठरते.

तिकिटाचे अर्थशास्त्र

आता खर्चाकडे वळू. संग्रहालयाचा बहुतेक खर्च हा स्थिर स्वरूपाचा असतो. इमारत, वस्तूंचे जतन, दिवाबत्ती, पहारा आणि जाणकार सेवकवर्ग यांवर जो पैसा लागतो, तो दिवसाला दहा माणसे आली तरी लागतो आणि हजार आली तरी जवळजवळ तेवढाच लागतो. एका जादा प्रेक्षकामुळे वाढणारा खर्च नगण्य असतो. अशा सेवेवर चढे तिकीट लावणे म्हणजे खर्चात काहीही बचत न करता गरीब प्रेक्षकाला दारातून परत पाठविणे होय. ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ असा उपदेश संग्रहालयांना करणाऱ्यांनी हे साधे गणित ध्यानात घेतलेले नसते.

मात्र केवळ तिकीट काढून टाकल्याने सर्व साधते, असेही नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या अखेरीस राष्ट्रीय संग्रहालये विनामूल्य झाली आणि पूर्वी शुल्क घेणाऱ्या संग्रहालयांतील भेटींची संख्या पुढील दहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढली. परंतु पाहणीतून असेही दिसले की, वाढलेल्या गर्दीत सुशिक्षित, सुस्थित वर्गाचेच प्रमाण मोठे राहिले. दार उघडे असूनही कष्टकरी आत का येत नाही? कारण आत त्याचे काही नसते, आणि दार उघडे असते त्या वेळी तो कामावर असतो.

डोंबिवलीचा चाकरमानी सकाळी सातच्या सुमारास फलाटावर उभा असतो आणि दिवेलागणीनंतर घरी परततो. दहा ते पाच उघडे राहणारे संग्रहालय त्याच्यासाठी बारमाही बंदच असते. या शहरांतील संग्रहालय संध्याकाळी आणि रविवारी उघडे राहिले पाहिजे. तेवढ्याने भागले नाही तर त्याने फलाटापर्यंत चालत गेले पाहिजे. ठाणे-कल्याण स्थानकांवरून रोज लाखो माणसे जातात. एक काचपेटी, त्यात महिन्याला एक वस्तू आणि तिच्याविषयी मोठ्या अक्षरांतील दहा ओळी, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने बसगाडीतून फिरते संग्रहालय शाळांपर्यंत नेले आहे. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांपर्यंत असे काही नेणे ठाणे जिल्ह्यालाही अशक्य नाही.

दान, अनुदान आणि वर्गणी

पैसा कोठून यावा, याविषयी महाराष्ट्रात तीन प्रकारचे अनुभव आहेत. पहिला एकाकी साधकाचा. दिनकर केळकर यांनी जन्मभर वस्तू जमवून पुण्याचे संग्रहालय उभे केले आणि १९६२ साली आपला संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. डोंबिवलीत शिल्पकार भाऊ साठे यांनी स्वतःच्या कलाकृतींचे ‘शिल्पालय’ उभारले. गेटवे ऑफ इंडियाजवळचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांचीच निर्मिती. २०२१ साली त्यांचे निधन झाले. अशा माणसांचे ऋण मोठे आहे, पण एका व्यक्तीचे आयुष्य हा संस्थेचा कायमचा आधार होऊ शकत नाही. पुढे समाजाला ते ओझे उचलावेच लागते.

दुसरा अनुभव भायखळ्याच्या संग्रहालयाचा. लोकवर्गणीच्या साहाय्याने उभे राहून १८७२ साली ते खुले झाले, १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले, पण इमारतीची आणि वस्तूंची रया जात राहिली. २००३ साली मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, आणि जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा लोकांसाठी उघडले. हे उदाहरण खासगीकरणाच्या समर्थनार्थ दिले जाते, ते योग्य नाही. वास्तू आणि संग्रह सार्वजनिक मालकीचे राहिले, म्हणूनच खासगी पैशाचा उपयोग सर्वांसाठी झाला. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चावे लागतात आणि वारसा-जतन त्यात मोडते. हा पैसा अवश्य घ्यावा. कामगाराच्या श्रमातून निर्माण झालेला नफा कामगाराच्या स्मृतीसाठी परत येत असेल तर त्यात उपकार कसला? परंतु तो इमारतीसाठी, कपाटांसाठी, एकवेळच्या कामासाठी घ्यावा. दरमहाचे पगार त्यावर अवलंबून ठेवले तर मंडळाचा ठराव बदलताच संस्था कोलमडेल. आणि दाता कंपनी असेल तर संपाचे पत्रक काचपेटीत राहील काय, हाही प्रश्न आहेच.

तिसरा अनुभव याच भूमीतला आहे, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे; ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १ जून १८९३ रोजी स्थापन केलेले. या संस्थांनी पारतंत्र्य पाहिले, महायुद्धे पाहिली, फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे पाहिले, आणि तरीही त्या टिकल्या. त्यांच्या मागे शेकडो सभासदांची लहान वर्गणी होती, आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाल्यावर शासनाच्या अनुदानाला कायद्याचा आधार मिळाला. ते अनुदान अपुरे आहे, ग्रंथालय सेवकांचे वेतन लाजिरवाणे आहे, कर्नाटक-तमिळनाडूप्रमाणे ग्रंथालय-कराची तरतूद आपल्या कायद्यात नाही, हे सारे खरे. तथापि वाचनालयाचा सभासद पदाधिकाऱ्यांना वार्षिक सभेत जाब विचारतो. स्थानिक संग्रहालयांच्या वाट्याला असा कायदा आलेला नाही आणि असा सभासदही क्वचितच येतो. महानगरपालिका अधिनियमात संग्रहालय हे वैकल्पिक कर्तव्य आहे. म्हणजे केले तर केले. कल्याणच्या खाडीकाठी नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही नौका आणून नौदल संग्रहालय करण्याचा उपक्रम तेथील महानगरपालिकेने हाती घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण नौका आणणे ही एकदाच करण्याची गोष्ट. ती गंजू न देणे हे दरसालचे काम आहे, आणि त्यासाठी दरसालची तरतूद लागते.

अशा लोकाधारित संग्रहालयाची कल्पना स्वप्नाळू नाही. स्वीडनमधील नॉरशॉपिंग या गिरणगावात बंद पडलेल्या कापडगिरणीच्या इमारतीत १९९१ साली श्रमाचे संग्रहालय उघडले; कामगार संघटना, सहकारी चळवळ आणि लोकशिक्षण संस्था यांनी मिळून ते उभारले. मँचेस्टरच्या लोकेतिहास संग्रहालयाचे केंद्र शासनाकडून येणारे थेट अनुदान २०१५ साली बंद झाले, तेव्हा जाहीर आवाहन करून वर्गणीदार मिळवता आले, कारण ते संग्रहालय आपले आहे असे मानणारी माणसे होती. याउलट काळाचौकीच्या गिरणीतील वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना केवळ शासकीय-पालिकेच्या फायलींवर विसंबल्यामुळे किती रेंगाळली, हे गिरणगावाने पाहिले आहे.

आधी पाणी, मग संग्रहालय?

ज्या वस्तीत नळाला पाणी नाही तेथे संग्रहालयाची चैन कशाला, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला टाळता कामा नये. पाण्याचा पैसा संग्रहालयाकडे वळवावा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु सुशोभीकरण, कमानी, रोषणाई आणि महोत्सव यांवर महापालिका जो पैसा उधळतात, त्यातील अल्प अंश ठरावाने बांधून घेतला तरी एका संग्रहालयाचा वार्षिक खर्च निघू शकेल. वाद पाणी आणि संग्रहालय यांच्यात नाही. तो क्षणिक देखावा आणि टिकाऊ सार्वजनिक संस्था यांच्यात आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे पुरेसे स्पष्ट आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात संग्रहालयासाठी स्वतंत्र शीर्षक आणि निश्चित हिस्सा असावा, ही मागणी करावी. रिक्षाचालकाला आणि घरकामगार स्त्रीलाही परवडेल अशी वर्गणी ठेवून सभासद नोंदवावेत आणि कार्यकारिणी त्यांच्या मतांनी निवडावी. मोकळ्या होणाऱ्या कारखान्याच्या जमिनीवर एक शेड, एक चिमणी तरी राखून ठेवण्याची अट विकासाच्या परवानगीत घालून घ्यावी. आणि या सर्वांच्या आधी, इमारतीची वाट न पाहता, बंद कारखान्यांच्या संघटनांची दप्तरे, जुनी पत्रके, हजेरीचे बिल्ले आणि वयोवृद्ध कामगारांच्या आठवणी गोळा करण्यास प्रारंभ करावा. कागद एखाद्या वाचनालयाच्या कपाटातही सुरक्षित राहतील.

कान्हेरीच्या लेण्यांत प्राचीन कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके खोदवून दिल्याची नोंद कोरलेली आहे. व्यापाऱ्यांच्या मोठ्या दानांच्या शेजारी त्या कारागिराचे नाव सुमारे अठराशे वर्षे टिकून आहे, कारण ते कोठे तरी लिहून ठेवले गेले. मोहोन्याच्या आणि वागळे इस्टेटीच्या कामगारांची नावे ज्या हजेरीपुस्तकांत आहेत, ती पुस्तके रद्दीच्या दुकानात पोहोचण्यापूर्वी तेथे कोणी तरी पोहोचले पाहिजे.